या घरातला मांजरपाट

दुपारची जेवणं झाली होती, ताटं अजून निथळत होती, आणि थोरल्या सुनेनं कात्री मेजावर ठेवून सांगितलं, "सोमवारपासून मी कारखान्यात जातेय. दवाखान्याचे गणवेश शिवतात तिथे. विचारून ठेवलंय मी."

तिनं कात्री आपटली असती तर बरं झालं असतं. मी दोन शब्द बोलले असते, तिनं दोन ऐकवले असते, धाकटीनं मध्ये पडून चहा टाकला असता आणि दिवे लागायच्या आत सगळं सुतासारखं सरळ झालं असतं. आमच्याकडची भांडणं अशीच मिटतात. पण तिनं कात्री मिटली, टोक भिंतीकडे करून ठेवली, गळ्यातला टेप काढून तिच्याशेजारी गुंडाळून ठेवला आणि मागच्या खोलीत गेली. गिऱ्हाइकाला कोट घालून बघायची ती खोली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"मीठ कमी होतं का जेवणात?" इस्त्रीवाले मामा म्हणाले. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, आणि कुठल्या ते ते वेळ बघून ठरवतात.

कुणी हसलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांना मीच बसवलं होतं. रविवार, दुकान बंद. धाकटा तेवढा माल आणायला परगावी गेला होता. माझ्या उजव्या अंगठ्याचं रामायण सगळ्यांना पाठ आहे, ते परत लावत नाही. डॉक्टरनं कात्री सोडा म्हणून सांगितल्याला दोन महिने झाले होते आणि कापायचं मेज आता कुणी सांभाळायचं ते मला सांगायचं होतं. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय? थोरलीइतका हात घरात कुणाचा नाही, हे भिंतीवरच्या घड्याळालाही माहीत होतं. पण माझ्या तोंडून ते निघायचं होतं. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, तिची तारीफ कमी आणि मेजाची जास्त होईल असं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ते वाक्य बाहेर पडायच्या आत माझ्या नातीनं वही उघडली.

थोरलीची मुलगी ती. लहानपणी शिवणाचा खडू घेऊन भिंती, खुर्च्या, मामांचं टक्कल, काही सोडलं नाही तिनं, म्हणून नाव पडलं खडू. आता कॉलेजात जाते. तिच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या वापरातला एक शब्द घ्या, त्याचा अर्थ काय, तो आला कुठून, घरातल्या माणसांना विचारून लिहून आणा.

"मी मांजरपाट घेतलाय," खडू म्हणाली. "एकेकानं सांगा. मांजरपाट म्हणजे काय? आजी, तू आधी."

"म्हणजे काय म्हणजे? तो काय, तुझ्या कोपराखाली आहे."

"कोपराखाली आहे असं लिहू?"

"लिही. जाडंभरडं सुती कापड. धुवट पांढरं नाही, मातकट. सरकीच्या टरफलाचे काळे ठिपके तसेच राहिलेले. अंगाला टोचतं, पण दगा देत नाही."

"आणि आपण वापरतो कशाला?"

हे तिला जन्मापासून माहीत होतं, पण बाईंना माहीत नव्हतं ना. मग मामांनी घसा साफ करून सुरुवात केली. भारी कापडाला आपण एकदम कात्री लावत नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतंय, कुठे झोळ येतोय ते बघायचं. ज्यानं चूक केली त्यानं त्या जागी पेन्सिलीनं फुली मारून शेजारी आपली खूण करायची. थोरल्याची खूण चांदणी, थोरलीची पान, मामांची इस्त्री, जी होडीसारखी दिसते. माझा त्रिकोण, कारण मी या मेजाशी उभी राहिले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं.

"दुसऱ्याच्या चुकीवर आपली खूण करायची नाही," मामा म्हणाले, "आणि आपली चूक खुणेशिवाय सोडायची नाही. वहिनींचा नियम आहे हा. एकदा तर माझ्या चहाच्या डागावर होडी काढून घेतली त्यांनी."

"डाग तुमचाच होता," मी म्हणाले.

सगळे हसले. थोरलीसुद्धा. ती मेजाच्या पलीकडे उभी राहून एका खिशाची पट्टी कापत होती, रविवारीही तिचे हात रिकामे नसतात. धाकटी सून शेजारी बटणं निवडत होती. तिचं सांगायचं तर मन साफ, जीभ मोकळी, आणि दोहोंच्या मध्ये फाटक नाही.

"अगं, आणि मांजरपाट म्हणजे तुझी आई," धाकटी हसत खडूला म्हणाली. "तुला नाही माहीत? मी आले तेव्हा सगळे हिला मांजरपाटच म्हणायचे. सासरे तर दारातूनच हाक मारायचे, मांजरपाट, पाणी आण गं. किती लाडाचं नाव होतं. आईंनीच ठेवलं होतं ना?"

खडूनं वहीतून मान वर केली. "खरंच? का?"

आणि मग ती कात्री मेजावर ठेवली गेली.

थोरला माझा मुलगा. चार माणसांत तो बोलत नाही, शिवणयंत्राच्या आवाजात वाढलेली पोरं बहुतेक अशीच होतात. पण कडी लागल्यावर तो उठला, खिडकीशी गेला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "झालं समाधान?"

"मी काय केलं? मी तोंडही उघडलं नाही."

"तेव्हा उघडलं होतंस."

धाकटीच्या हातातली बटणं डब्यात पडली. "मला काय माहीत होतं? देवाशपथ, मला लाडाचंच वाटलं. तुम्ही सगळे हसून म्हणायचात. जाऊबाई हसून ओ द्यायच्या." ती रडायलाच लागली. नंतर तिनं मला सांगितलं, त्या घडीला तिला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं तर ते याचं, की नवीन आली तेव्हा आपल्याला असं नाव कुणी ठेवलं नाही म्हणून ती चार दिवस रुसली होती.

"तू गप बस आधी," मी तिला म्हणाले. "नाक पूस. बटणांवर सांडू नकोस."

"आजी," खडू म्हणाली. तिची वही मिटलेली होती. "काय म्हणाली होतीस तू आईला?"

मागचं प्रकरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. खडूला नव्हतं, म्हणून मी सांगितलं. थोरल्यासाठी मी एक मुलगी बघून ठेवली होती, कापडाच्या व्यापाऱ्याची. शब्द गेला होता. आणि हा परस्पर एका पिशव्या शिवणाऱ्या बाईच्या मुलीला घेऊन दारात उभा. तिच्या अंगावर घरी शिवलेला मांजरपाटाचा झगा, पिशव्यांच्या उरलेल्या कापडाचा. दाराशी अकरा माणसं. मी म्हणाले, रेशीम आणायला पाठवला होता, मांजरपाट उचलून आला.

"अकरा?" खडू म्हणाली.

"मोजली होती मी. ऐकायला पुरेशी आहेत का ते बघत होते."

लोक हसले, मग ते नाव चिकटलं. ह्यांनी ते उचललं आणि त्यातला काटा त्यांच्यापुरता काढून टाकला. हे होते तोवर खरंच लाडानं म्हणायचे. मामा म्हणायचे, थोरला म्हणायचा, सवयीनं मीही म्हणायचे. खडू शाळेत जायला लागली तसं ते आपोआप मागे पडलं. मला वाटलं, गेलं. आपल्या तोंडातून गेलं की दुसऱ्याच्या कानातूनही गेलं, असं वाटतं माणसाला.

खडू उठली आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेली. "आई, मी आहे. एकटीच."

कडी निघाली, परत लागली.

आत काय झालं ते मला थोरलीनंच पुढे सांगितलं, म्हणून सांगते. त्या खोलीत तीन बाजूंनी आरसे आहेत. ती स्टुलावर बसली होती आणि तिला तिन्हीकडून स्वतःच दिसत होती. तिला राग आलेला नव्हता. दमणूक झाली होती, म्हणाली. इतकी वर्षं एखादी टाचणी कपड्यात राहिली आणि चालताना टोचू नये म्हणून आपण एका अंगानं चालायला शिकलो, असं काहीसं. आणि आज धाकटीनं ती हसत हसत दाबली.

खडू तिच्या पायाशी बसली. तिला आईची समजूत घालायची होती आणि हाताशी होता तो फक्त अभ्यास.

"आई, ऐक ना. मी कोशात बघितलंय. त्या शब्दात मांजर नाहीच आहे. दूर समुद्राकाठी एक विणकरांचं गाव होतं, तिथे हे कापड विणायचे आणि गलबतं भरून बाहेर जायचं. त्या गावाचंच नाव कापडाला लागलं. तोंडातोंडी झिजून झिजून त्याचं मांजरपाट झालं, असं दिलंय. म्हणजे वाईट काही नाहीच त्यात. गावाचं नाव आहे नुसतं. लांबून लांबून लोक मागवायचे ते कापड."

थोरलीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "छान शोधलंस."

"मग?"

"कोशात आहे ते कोशातल्यांसाठी खरं असेल बाळा. माझ्यापर्यंत तो शब्द कुठल्या गावाहून आला नाही. तुझ्या आजीच्या तोंडून आला. तो कुठून आला हे मला कुणी शोधून द्यायला नको."

हे शेवटचं वाक्य आम्हाला बाहेर ऐकू आलं. दार फळ्यांचं आहे, भिंत नव्हे.

मामांनी त्या वेळी आपला ऐकू न येणारा कान इकडे केला. धाकटीचं रडणं थांबलं. थोरला माझ्यापाशी आला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून, हळू आवाजात म्हणाला, "आई, ती जाईल. ती बोलते ते करते. मला सोडून नाही जायची, पण या मेजावर परत उभी राहायची नाही. आणि मग आपण सगळे एका घरात राहून पाहुणे होऊ."

"मला कळतं ते."

"मग बोल काहीतरी."

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांना मी कधी विचारलेलं नाही. दाराशी जाऊन म्हणाले, "उघड गं."

"आई, नंतर बोलू," आतून थोरली म्हणाली. आवाज साधा, आदबीचा. त्या आदबीचीच मला भीती वाटली.

"नंतर मी बोलणार नाही. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. आत्ता उघड."

कडी निघाली. मी आत गेले, माझ्यामागे थोरला चौकटीत उभा राहिला. आरशांत आम्ही सगळे तिप्पट झालो. मला बोलायला वेळ लागतोय असं बघून त्यानंच सुरुवात केली. बिचारा.

"हे बघ, आईला तसं म्हणायचं नसणार. आपल्या धंद्यात मांजरपाटावाचून पान हलत नाही. सगळं आधी त्याच्यावर ठरतं, मग बाकीचं. भरवशाचं कापड. आई त्या अर्थानंच म्हणाली असेल. हो की नाही आई?"

त्यानं मला चांगली वाट करून दिली होती. पोरगा माझाच, कापड कमी पडलं तर जोड कुठे लपवायचा ते मीच शिकवलंय त्याला. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. थोरलीनं ते घेतलंही असतं, घरात शांतता राहावी म्हणून तिनं याहून खोटं पुष्कळ घेतलंय.

"नाही," मी म्हणाले. "हिणवायलाच म्हटलं होतं. रेशीम आणि मांजरपाट यांतला फरक मला कळत नव्हता असं नाही. तुला लागावं म्हणून म्हटलं, आणि लागलं ते बघून बरं वाटलं मला."

खडूनं आईचा हात धरला.

"आणि मी चुकले हे मला तिसऱ्याच महिन्यात कळलं," मी म्हणाले. "तो लंगडा गवंडी यायचा बघ. एका कुबडीवर भार टाकून टाकून त्याचा एक खांदा वर गेलेला. त्याच्या कोटाची बाही मी तीनदा लावली, तीनदा झोळ आला. मग तू लावलीस."

"ती तुम्ही उसवली होती," थोरली म्हणाली.

"हो."

"मी बाहेरून आले तर बाही उसवलेली मेजावर पडली होती. मला वाटलं, तुम्हाला पसंत पडली नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही विचारलं नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं प्रत्येक बाही लावताना मला ती उसवलेली दिसायची."

"कशी बसवलीस ते बघायला उसवली होती."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

"मला जमत नव्हतं तसं. खांद्याच्या मुंढ्याला तू कापड कुठे दाबून घेतलंस ते वरून कळेना. विचारायची लाज वाटली. अकरा माणसांपुढे बोलले होते ना मी, आता त्या मांजरपाटाला कसं विचारू, की बाई, मला शिकव? म्हणून उसवली. बघितली. मग तुझ्याच भोकांतून सुई घालून होती तशी शिवली. गवंडी तो कोट घालून गेला. आज मी जी बाही लावते, लावत होते, ती तुझी आहे. चोवीस वर्षं."

मामा बाहेरून म्हणाले, "तरीच." म्हणजे ऐकू येत होतं.

थोरलीच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला वाचता आलं नाही, आणि वाचता येत असतं तरी सांगितलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "सांगितलं असतंत तर."

"नाही सांगितलं. खडू, वही आण."

"आजी, राहू दे आता ते."

"आण म्हटलं ना. तुझ्या बाईंनी विचारलंय, शब्द आला कुठून. गलबताचं वरती लिही, ते चांगलं आहे. खाली लिही: या घरात हा शब्द माणसाला लावला तो आजीनं. लावला तेव्हा त्याचा अर्थ वाईट होता. ज्या माणसाला लावला त्या माणसात काही खोट नव्हती."

खडू लिहीत गेली. मला वाचायला येतं, सावकाश येतं. मी तिच्या खांद्यावरून ओळ न् ओळ बघितली, मग पेन्सिल घेतली. अंगठा वाकत नाही, तरी कडेला एक फुली मारली आणि तिच्याशेजारी त्रिकोण काढला. वाकडा आला. चोवीस वर्षं उशिरा काढला, तर वाकडा येणारच.

थोरलीनं वही घेतली आणि ते पान वाचलं. मग वही खडूला दिली, बाहेर जाऊन टेप घेऊन आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"उभ्या राहा."

"उभीच आहे."

"सरळ. हात सैल सोडा."

"कशाला?"

"तुमचा कोट शिवायचाय. थंडीत तुम्ही मामंजींचा घालून फिरता, तो तुम्हाला खांद्यावर लोंबतो. कोट शिवणाऱ्याच्या घरात म्हातारीला अंगाचा कोट नाही. खडू, आकडे लिहून घे."

मी इतक्या लोकांची मापं घेतली, पण माझ्या पाठीला कुणाचा टेप लागल्याचं मला आठवेना. तो गार होता. तिची बोटं मात्र उबदार होती आणि ती अंगावरून अशी फिरत होती, जशी मी कापडावरून फिरवते, कुठे नरम आहे आणि कुठे ताठ ते बघत.

"उजवा खांदा खाली आहे," ती म्हणाली. "अर्धा इंच. कात्रीचा."

"माझा? काहीतरीच. मला कधी दिसला नाही."

"मी रोज बघते."

"मग बोलली नाहीस ते."

"तुम्ही कधी मापाला उभ्या राहिलात?"

चौकटीतून थोरला म्हणाला, "म्हणजे, सोमवारी तू..."

"पहिली ट्रायल बुधवारी," थोरली त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सोमवारी मेज रिकामं करून ठेवा. त्याच्यावर भाजीच्या पिशव्या ठेवायच्या नाहीत यापुढे. धाकटे, तुलासुद्धा सांगतेय."

"नाही ठेवणार," धाकटी नाक ओढत म्हणाली. "जाऊबाई, मी चहा टाकू?"

"टाक. आईंना साखर कमी."

"साखर किती ते मी सांगेन," मी म्हणाले.

"बोलू नका. छाती घेतेय."

तिनं टेप मागून पुढे आणला. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. केसांत पांढरे दिसायला लागलेत तिच्या, भांगापाशी, मी बघितलेच नव्हते. म्हणावं असं पुष्कळ काही ओठांवर आलं. ते सांडू नये म्हणून मी श्वास धरून ताठ उभी राहिले.

टेप थांबला.

"आई, श्वास सोडा," ती म्हणाली. "असं धरून माप येत नाही."

मी सोडला. तिनं आकडा सांगितला, धरलेल्या श्वासापेक्षा दोन बोटं कमी, आणि खडूनं लिहून घेतला.